मुद्दल आपले, नफा कोणाचा?

आई-वडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवले, अठरा वर्षांत ते वाढले आणि कॉलेजची फी भरायला काढले. मुद्दलाबद्दल वाद नाही. त्यावरचा कर कधीच भरून झालेला असतो. वाढलेला पैसा मात्र कोणाचे उत्पन्न मानायचे, या प्रश्नाला अमेरिकेच्या कायद्याने गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली. कधी तो नफा बापाचा ठरला, कधी मुलाचा, कधी राज्याचा. आणि २००२ पासून, अटी पाळल्या तर, कोणाचाच नाही. आज ‘५२९ खाते’ म्हणून जे ओळखले जाते ते या शेवटच्या उत्तरावर उभे आहे. २०२४ च्या अखेरीस अशा खात्यांत मिळून पाचशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम होती. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत जिथे जिथे मराठी कुटुंबे स्थिरावली, तिथे बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला की हे खाते उघडण्याची धडपड सुरू होते.

हे उत्तर आयते मिळालेले नाही. त्यामागे श्रीमंत घरांची एक जुनी युक्ती आहे, एका राज्याची खटपट आहे, आधी हरलेला आणि मग जिंकलेला एक खटला आहे, आणि काँग्रेसने टप्प्याटप्प्याने सोडून दिलेला हक्क आहे. तो इतिहास पाहिला की पैसे काढताना पालकांना आज ज्या अडचणी येतात त्या कुठून आल्या हे कळते. ही सवलत कोणाच्या पदरात पडते आणि कोणाच्या नाही, हेही त्यातच दिसते. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत आयकराचा सर्वोच्च दर ९० टक्क्यांच्या वर होता. एवढा कर भरणाऱ्या माणसाला आपले व्याज आणि लाभांश शाळकरी मुलाच्या नावे दाखवता आले, तर घरातला पैसा घरातच राही आणि कर जवळजवळ नाहीसा होई. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हेल्व्हरिंग विरुद्ध क्लिफर्ड’ या खटल्यात नवऱ्याने बायकोसाठी पाच वर्षांच्या मुदतीने केलेला ट्रस्ट करापुरता मानायला नकार दिला होता. मालमत्तेवर ताबा ज्याचा, उत्पन्न त्याचे, असा त्या निकालाचा आशय. पण १९५४ च्या करसंहितेने मुदत दहा वर्षांहून अधिक असेल तर असा ट्रस्ट चालेल, अशी वाट मोकळी ठेवली. दहा वर्षांचे उत्पन्न मुलाच्या नावे साठवायचे, त्यावर मुलाच्या अल्प दराने कर भरायचा, त्यातून त्याचे कॉलेज करायचे आणि मुदत संपली की मूळ मालमत्ता आपल्याकडे परत घ्यायची. या व्यवस्थेला लोक ‘क्लिफर्ड ट्रस्ट’च म्हणत. वकील परवडणाऱ्या घरांचा हा नेहमीचा मार्ग होता.

१९८६ मध्ये रेगन यांच्या काळातल्या करसुधारणेने तो बंद केला. चौदा वर्षांखालच्या मुलाचे व्याज-लाभांशाचे उत्पन्न ठरावीक रकमेवर गेले तर त्याला आई-वडिलांच्या दराने कर लागू झाला. पुढे ही वयोमर्यादा वाढत गेली. आज आई-वडिलांच्या आधारावर शिकणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला ती चोविसाव्या वर्षापर्यंत लागते. त्या कायद्याचे उत्तर सरळ होते: नफा आई-वडिलांचाच. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्या-जेवणावर खर्च होईल तो यापुढे करपात्र उत्पन्न मानला जाईल, असे त्यात म्हटले होते. त्या कलमाकडे मी पुढे येणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय तिथे आहे.

बहुसंख्य अमेरिकी पालकांना मात्र ट्रस्ट वगैरेंची गरजच नव्हती. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना संघीय सरकारच्या मालकीची जमीन दिली आणि त्या पैशातून सरकारी विद्यापीठे उभी राहिली. १९४४ च्या जीआय बिलाच्या आधाराने सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९७६ पर्यंत शहरातल्या विद्यार्थ्यांना फी नव्हती. खर्चाचा मोठा भाग करातून भागत होता, त्यामुळे पालकांच्या बचतीवर कर असावा की नसावा हा थोड्या घरांचा प्रश्न होता.

तो सगळ्यांचा प्रश्न झाला १९७० च्या दशकात. महागाईने मध्यमवर्ग कावला होता, फी वाढत होती, आणि सरकारी मदत गरिबांनाच मिळते अशी त्याची तक्रार होती. १९७८ मध्ये रिपब्लिकन सिनेटर बॉब पॅकवूड आणि डेमोक्रॅट सिनेटर डॅनियल मॉयनिहन यांनी मिळून फीवर करसवलतीचे विधेयक आणले. दोन्ही सभागृहांनी ते वेगवेगळ्या रूपांत मंजूर केले, पण त्याचा कायदा झाला नाही. अध्यक्ष कार्टर यांचा करसवलतीला विरोध होता. ज्याला गरज नाही त्यालाही ती मिळते, हा त्यांचा आक्षेप. त्याऐवजी नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने अनुदानाची कक्षा वाढवली आणि सवलतीचे शैक्षणिक कर्ज उत्पन्नाची अट न ठेवता सर्वांना खुले केले. तीनच वर्षांत रेगन यांच्या काळात वरच्या उत्पन्नगटासाठी गरजेची अट परत आली. मध्यमवर्गाला सवलत हवी होती, त्याच्या हाती कर्ज आले, आणि तेही मग आखडले. माझ्या मते या कथेचे वळण इथे आहे. सरकारने शिक्षण स्वस्त ठेवायचे की पालकाला ते विकत घ्यायला हातभार लावायचा, या वादात दुसरी बाजू जिंकत चालली होती. उरला प्रश्न फक्त हातभार कसा लावायचा हा.

मिशिगनने त्यावर तोडगा काढला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटार उद्योगातल्या कामगारकपातीने हे राज्य पोळले होते. गव्हर्नर जेम्स ब्लँचर्ड यांनी १९८६ मध्ये कल्पना मांडली: पालकांनी आज एकरकमी पैसे भरावेत, आणि मूल मोठे होईल तेव्हा फी कितीही झालेली असो, राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची ट्युशन या निधीतून भागेल. त्याच वर्षी ‘मिशिगन एज्युकेशन ट्रस्ट’चा कायदा झाला. १९८८ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा ४० हजारांहून अधिक करार झाले. पालकांच्या मनातली भीती किती खोल होती याचा तो आकडा दाखला आहे.

पण करखात्याने १९८८ मध्येच सांगितले होते की पालकाला दरवर्षी कर पडणार नसला, तरी ट्रस्टच्या कमाईवर ट्रस्टने कंपनीसारखा कर भरावा. आता नफा ट्रस्टचा झाला, आणि कर निधीतून जाणार म्हटल्यावर हमीचे गणितच बिघडले. फीही अंदाजापेक्षा वेगाने वाढत होती. काही वर्षांतच नवी विक्री थांबवावी लागली. मिशिगनने कर भरला आणि परताव्यासाठी संघीय सरकारवर दावा लावला. १९९२ मध्ये जिल्हा न्यायालयात राज्य हरले. नोव्हेंबर १९९४ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला: शिक्षणाची सोय करणे हे राज्याचे काम, हा ट्रस्ट राज्याचाच हात, म्हणून त्याची कमाई राज्याची आणि ती करपात्र नाही.

या निकालाचे महत्त्व आज कोणी फारसे सांगत नाही, पण ५२९ खात्याचा पाया हाच आहे. ही खाती आजही राज्यांच्या नावाने चालतात, पैसे गुंतवणारी कंपनी खासगी असली तरी योजना राज्याची असते, याचे कारण हा खटला. कर टाळण्यासाठी राज्याच्या छत्राखाली जावे लागले, आणि मग ते छत्र कायम राहिले.

निकालानंतर काँग्रेसला नियम करणे भाग पडले. केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल आणि फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम यांनी पुढाकार घेतला. २० ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात करसंहितेचे कलम ५२९ जन्माला आले. किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.१५ डॉलरपर्यंत नेणारा कायदा तोच. एका कागदावर दोन गोष्टी आल्या: हातावर पोट असणाऱ्याला तासाला नव्वद सेंट, आणि बचत करू शकणाऱ्याला अठरा वर्षांची करस्थगिती.

१९९६ चे उत्तर असे होते की नफ्यावर कर लागेल, पण पैसे काढताना लागेल आणि विद्यार्थ्याच्या दराने लागेल. विद्यार्थ्याचा दर कमी, त्यामुळे कर हलका. हे उत्तर मला आजही सर्वांत समतोल वाटते. पुढल्या वर्षी राहण्या-जेवणाचा खर्च त्यात आला. मग ७ जून २००१ रोजी धाकट्या बुश यांनी सही केलेल्या मोठ्या करकपातीत हा हलका करही गेला: शिक्षणासाठी काढलेला नफा पूर्ण करमुक्त. मात्र त्या कायद्याची मुदत २०१० च्या अखेरीस संपणार होती. २००१ मध्ये जन्मलेल्या बाळासाठी खाते उघडणाऱ्या आई-वडिलांना पैसे लागणार होते २०१९ च्या सुमारास, म्हणजे सवलत संपून नऊ वर्षांनी. तरीही लोकांनी भरवशावर पैसे भरले. ऑगस्ट २००६ मध्ये निवृत्तिवेतनाच्या एका कायद्यातून ती सवलत कायम झाली.

इतक्या हातांतून घडलेल्या कायद्यात पैसे भरणे अत्यंत सोपे आहे आणि काढणे अत्यंत किचकट. भरताना बँकेतून आपोआप रक्कम जाते. न्यूयॉर्कसारखी राज्ये आपल्या योजनेत भरलेल्या रकमेवर राज्याच्या करात वजावट देतात, जोडप्याला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत. काढताना मात्र पालकालाच हिशेबनीस व्हावे लागते.

समजा खात्यात १,००,००० डॉलर आहेत. त्यातले ४०,००० आई-वडिलांनी भरले, ६०,००० वाढले. आधी मुद्दल काढतो, नफा राहू द्या, असे इथे चालत नाही. काढलेल्या प्रत्येक डॉलरमध्ये ४० सेंट मुद्दल आणि ६० सेंट नफा धरला जातो. मुलीच्या पहिल्या वर्षी वडिलांनी २५,००० काढले; त्यात नफा १५,०००. वर्षअखेर पावत्या जुळवताना कळले की कायद्याला मान्य खर्च २०,००० चाच आहे. घरी यायचे विमानाचे तिकीट बसत नाही, आरोग्यविम्याचा हप्ता बसत नाही, आणि कॅम्पसबाहेरच्या खोलीचे भाडे कॉलेजने ठरवलेल्या आकड्यापर्यंतच बसते. वरचे ५,००० मान्य नाहीत. त्यातल्या ३,००० नफ्यावर वडिलांच्या दराने कर. दर २४ टक्के असेल तर ७२० डॉलर, शिवाय १० टक्के जादा कर म्हणून ३००. एकूण १,०२०. वर राज्याचा कर, आणि पूर्वी घेतलेली वजावट परत मागणारे राज्य असेल तर तीही.

पैसे वडिलांच्या खात्यात आले तर १०९९-क्यू हा फॉर्म त्यांच्या नावाने निघतो. मुलीकडे किंवा थेट कॉलेजकडे गेले तर मुलीच्या नावाने. सगळा खर्च मान्य असेल तर फरक पडत नाही. नसेल तर मुलीच्या नावे कर कमी पडेल असे वाटते, पण १९८६ चा तो नियम आडवा येतो आणि ठरावीक रकमेवरच्या नफ्याला पुन्हा आई-वडिलांचाच दर लागतो. खर्च मान्य होता की नव्हता हे या फॉर्मवर लिहिलेले नसते. कॉलेज जो १०९८-टी देते त्यात ट्युशन असते, राहणे-जेवण नसते. पुरावा सांभाळण्याची सगळी जबाबदारी पालकावर.

सर्वांत जास्त घरे अडखळतात ती करसवलतींच्या सरमिसळीत. संयुक्त उत्पन्न १,६०,००० डॉलरपर्यंत असेल तर पहिल्या चार वर्षांत ४,००० डॉलरच्या फी-पुस्तकांवर वर्षाला २,५०० डॉलरची थेट करसूट मिळते. पण तो ४,००० चा खर्च एकदा तिथे दाखवला की तो ५२९ मध्ये धरता येत नाही. बरेच पालक सगळी फी खात्यातून भरतात, मग सूटही मागतात, आणि पुढे नोटीस येते. काही जण घाबरून सूट सोडूनच देतात. ही दुसरी चूक महाग. चार हजार जास्तीचे निघाले, तरी त्यातल्या २,४०० नफ्यावर २२ टक्क्यांनी कर होतो ५२८ डॉलर, आणि या कारणासाठी १० टक्के जादा कर माफ असतो. पाचशे वाचवायला अडीच हजार सोडू नयेत. त्याहून बरे म्हणजे पहिले ४,००० पगारातून भरावेत आणि बाकीचे खात्यातून काढावेत. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तेवढ्या रकमेपुरता जादा कर इथेही माफ असतो, नफ्यावरचा कर मात्र राहतो.

आणखी एक अडचण तारखांची. करखाते मोजते कॅलेंडर वर्ष, कॉलेज मोजते शैक्षणिक वर्ष. जानेवारीच्या सत्राची फी डिसेंबरात भरली आणि पैसे जानेवारीत काढले, तर वर्ष जुळत नाही.

या सगळ्या नियमांमागे कुठली तरी जुनी शंका आहे. दहा टक्के जादा कर आला तो १९९६ च्या कायद्यातल्या एका अटीच्या जागी. त्या अटीप्रमाणे गैरवापरावर राज्यांनी स्वतःच दंड लावायचा होता. मागे क्लिफर्ड ट्रस्ट करणारी घरे कायदा करणाऱ्यांच्या मनात होती, आणि त्यांच्यासाठी लावलेले कुंपण आज पगारदार आई-बापाच्या पायात येते. एक विसंगती तर लगेच दूर करता येण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला किती मदत द्यायची हे ठरवताना हेच संघीय सरकार कॉलेजच्या खर्चात प्रवास धरते. मग पैसे काढताना तोच प्रवास शिक्षणाचा खर्च नाही, हे कोणत्या न्यायाने?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे: सवलत कोणाच्या पदरात पडते. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापाल कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१० मध्ये ३ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे ५२९ किंवा त्यासारखे दुसरे शिक्षण-बचत खाते होते. अशा कुटुंबांचे मध्यक उत्पन्न वर्षाला १,४२,४०० डॉलर. ज्यांच्याकडे खाते नव्हते त्यांचे ४५,१००. वित्तीय मालमत्तेत फरक सुमारे पंचवीस पट. करमुक्तीची रचनाच अशी की जितका वरचा करदर तितका लाभ मोठा, आणि ज्याला आयकर पडतच नाही त्याला लाभ शून्य.

जानेवारी २०१५ मध्ये ओबामा यांनी हे बदलू पाहिले. यापुढे भरलेल्या रकमेच्या नफ्यावर काढताना कर लावावा आणि तो पैसा वर सांगितलेली करसूट वाढवायला वापरावा, असा प्रस्ताव होता. या खात्यांतली सुमारे ७० टक्के रक्कम दोन लाख डॉलरहून अधिक उत्पन्नाच्या घरांची आहे, असे व्हाइट हाउसने सांगितले. विरोध दोन्ही पक्षांतून झाला. त्या आठवड्यात ओबामा प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून दिल्लीत होते. तिथून सौदी अरेबियाला जाताना विमानातच डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसी यांनी त्यांना प्रस्ताव सोडून देण्याचा आग्रह केला, असे तेव्हा वृत्त होते. २७ जानेवारीला प्रस्ताव मागे घेतला गेला. त्यानंतर कोणत्याही अध्यक्षाने या नफ्याला हात लावलेला नाही.

उलट सवलत पसरत गेली. २०१७ च्या कायद्याने खासगी शाळांची फीही, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, करमुक्त काढता येऊ लागली. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा २०२६ पासून २०,००० केली. २०१९ मध्ये शैक्षणिक कर्जाची १०,००० डॉलरपर्यंत फेड आली. २०२४ पासून पंधरा वर्षे जुन्या खात्यातले उरलेले पैसे, आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत, मुलाच्या निवृत्ती खात्यात वळवता येतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क शाळेच्या फीसाठी काढलेला पैसा मान्य करत नाहीत, हे तिथल्या पालकांनी विसरू नये. कर्जफेड आणि निवृत्ती खात्याच्या तरतुदी मला रास्त वाटतात. पैसे अडकून पडतील या धाकाने लोक बचत टाळत होते. शाळेच्या फीची तरतूद मात्र रास्त वाटत नाही. पाच वर्षांत काढायच्या पैशाला वाढायला वेळच मिळत नाही. तिथे बचतीला उत्तेजन कमी आणि आधीच फी भरणाऱ्याला सूट जास्त.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी तक्रार केली होती की सरकारी महसूल येतो रयतेच्या श्रमातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. त्याच्या नऊ वर्षे आधी त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना. त्याच अमेरिकेत फुल्यांचा प्रश्न आज जसाच्या तसा लागू आहे. माफ केलेला कर हाही सरकारी खर्चच असतो. कोणाच्या मुलासाठी तो माफ केला, हे विचारायलाच हवे.

आणि हे आपणही विचारले पाहिजे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी पिढ्यांपैकी पुष्कळजण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, पवईच्या आयआयटीत शिकले. काहींनी आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या ई.बी.सी. सवलतीवर कॉलेज केले. ज्यांचे स्वतःचे शिक्षण समाजाने उचलले, त्यांची नातवंडे आज अमेरिकेतल्या त्या थोड्या खातेदार घरांत आहेत. त्यात गैर काही नाही. आई-बापाने मुलासाठी साठवावे यासारखी नैसर्गिक गोष्ट दुसरी नाही. पण आपल्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलला होता याची आठवण असलेल्या माणसाने, आज तसा आधार नसलेल्या मुलाच्या बाजूने बोलायला हवे.

परत भारतात येणाऱ्या कुटुंबांसाठी एक सूचना याच ओघात. ५२९ चा पैसा परदेशी विद्यापीठातही करमुक्त वापरता येतो, पण अमेरिकी शिक्षण खात्याच्या मदतयोजनांना पात्र असलेल्या संस्थांतच. भारतातली बहुतेक महाविद्यालये त्यात नाहीत. आणि भारताच्या आयकर कायद्यात या खात्याला वेगळी सवलत नाही. इथले पूर्ण रहिवासी झाल्यावर पैसे काढले तर अमेरिकेने माफ केलेल्या नफ्यावर इथे कर मागितला जाऊ शकतो. सामान बांधण्याआधी दोन्हीकडच्या सल्लागारांशी बोलावे.

आता शिष्यवृत्तीबद्दलच्या १९८६ च्या त्या कलमाकडे. एकाच कॉलेजात, एकाच खोलीत राहणाऱ्या दोन विद्यार्थिनी घ्या. एकीच्या आई-वडिलांनी ५२९ मधून तिच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे दिले. त्या पैशातला सगळा नफा करमुक्त. दुसरीच्या घरी बचत नाही. तिला गरिबांसाठीचे पेल अनुदान मिळाले, ज्याची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. ट्युशन दुसऱ्या शिष्यवृत्तीतून भागली आणि पेलचे पैसे खोली-जेवणाला लागले, तर ते तिचे करपात्र उत्पन्न. वजावटींमुळे तिला प्रत्यक्ष कर थोडा पडेल किंवा पडणारही नाही, हे खरे. पण काम करून शिकणारी असेल तर पडू शकतो, विवरणपत्राची कटकट तर नक्कीच वाढते. आणि तत्त्व म्हणून पाहिले तर श्रीमंताच्या मुलीचा भात करमुक्त, गरिबाच्या मुलीचा करपात्र, हे कोणत्याही सभ्य देशाच्या कायद्यात शोभत नाही.

बचत नसलेल्या घरांसाठी उपाय असल्याचे अनुभवाने दिसले आहे. ओक्लाहोमात २००७ मध्ये सुमारे २,७०० नवजात बालकांची निवड झाली. चिठ्ठीने त्यातल्या निम्म्यांच्या नावे राज्याच्या ५२९ योजनेत १,००० डॉलर टाकले गेले. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल शेराडन यांच्या गटाने ही मुले वर्षानुवर्षे पाहिली. खाते मिळालेल्या मुलांच्या आयांची मुलाच्या शिक्षणाबद्दलची अपेक्षा वरची राहिली, आणि गरीब घरांतल्या मुलांच्या भावनिक वाढीतही फरक दिसला. मेन राज्यात हॅरॉल्ड अल्फंड यांच्या देणगीतून २०१३ पासून जन्मलेल्या प्रत्येक रहिवासी बाळाला ५०० डॉलर आपोआप मिळतात. आई-वडिलांना अर्जही करावा लागत नाही. अर्ज करावा लागत नाही, हेच त्यातले सर्वांत मोलाचे.

जुलै २०२५ च्या कायद्याने हे देशभर नेण्याचे पाऊल टाकले. २०२५ ते २०२८ या वर्षांत जन्मलेल्या अमेरिकी नागरिक मुलांच्या ‘ट्रम्प अकाउंट’मध्ये संघीय सरकार १,००० डॉलर टाकणार आहे. सरकारचा स्वतःचा पैसा श्रीमंत-गरीब न पाहता मुलाच्या नावे ठेवला जाणे, हे पंच्याऐंशी वर्षांच्या या करकथेत संघीय पातळीवर प्रथमच घडते आहे, आणि कोणत्याही पक्षाच्या माणसाने त्याचे स्वागत करावे. पण पैसे काढण्याचा नियम पुन्हा चुकला. अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी काढले तर दहा टक्के दंड नाही, मात्र नफा साध्या उत्पन्नासारखा करपात्र. ज्यांच्याकडे हे एकच खाते असेल त्या मुलांच्या नफ्यावर कर, आणि ज्यांच्याकडे याच्या जोडीला ५२९ असेल त्यांच्या मोठ्या नफ्यावर नाही. शिवाय हे उत्पन्न विवरणपत्रात चढले की पुढच्या मदतीच्या अर्जात दिसते आणि मदत कमी होऊ शकते.

काँग्रेसने तीन दुरुस्त्या कराव्यात. ५२९ ला जी करमुक्ती, तीच शिक्षणासाठी काढलेल्या या नव्या खात्याच्या नफ्याला द्यावी. मान्य खर्चाची व्याख्या मदतयोजनेतल्या खर्चाशी जुळवावी आणि हिशेब शैक्षणिक वर्षाने मान्य करावा. आणि पेल अनुदानातून झालेला राहण्या-जेवणाचा खर्च करातून वगळावा. २०२५ मध्ये जन्मलेली मुले आपल्या खात्यातून पैसे काढू लागतील ती २०४३ मध्ये, त्यामुळे पहिल्या दुरुस्तीला अजून वेळ आहे. तिसरीला नाही, पेलवर शिकणारी मुले येत्या एप्रिलातही विवरणपत्र भरणार आहेत.